कोनफ्लॉवरची हिरवी फुलं: एक वाफा, दोन आजार

शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरातलं हे प्रकरण आहे. घराच्या दक्षिणेला, ड्राइव्हवेच्या कडेनं, साधारण वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद असा बहुवर्षायू फुलांचा वाफा. माती चिकण, तळाशी तर अक्षरशः मडकी घडवावीत अशी. मालकीणबाईंनी २००९ मध्ये वाफा तयार केला तेव्हा वरचा थर कंपोस्ट घालून भुसभुशीत केला होता, खालचा तसाच राहिला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

वाफ्यात कोनफ्लॉवरचे (एकिनेशिया: मध्ये काटेरी शंकू आणि भोवती पाकळ्या असलेलं, सूर्यफूल गटातलं फूल) एकवीस ठोंब होते. पश्चिम टोकापासून मध्याच्या थोडं पलीकडपर्यंत 'मॅग्नस' जातीचे नऊ, पूर्वेला पांढऱ्या 'व्हाइट स्वान'चे चार, पुढच्या रांगेत 'हॉट पपाया' या केशरी दुहेरी फुलांच्या जातीचे तीन, आणि मागं रानटी फिक्या कोनफ्लॉवरचे (एकिनेशिया पॅलिडा) पाच. मध्ये मध्ये लायाट्रिस आणि रुडबेकिया ही फुलझाडं, लिटल ब्लूस्टेम गवत. पश्चिम टोकाला लागून भाजीचा छोटा तुकडा: गाजर, मेथी, कोथिंबीर. निवड चांगली होती. 'मॅग्नस' ही जात १९९८ मध्ये तिथल्या पेरेनिअल प्लँट असोसिएशननं वर्षाचं झाड म्हणून निवडली होती, आणि फिका कोनफ्लॉवर तर इलिनॉयच्या प्रेअरीचा, म्हणजे गवताळ माळांचा, मूळचा रहिवासी.

जुलै २०१२ मध्ये काउंटीच्या मास्टर गार्डनर (बागकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) मदतकक्षाकडे या वाफ्याचे फोटो आले. मी तिथं स्वयंसेवक होते. आडनाव बघून फोन मराठीतच लावला. तक्रार एका वाक्यात अशी: "फुलं गुलाबी यायच्याऐवजी हिरवी येतायत, आणि फुलातून पानं फुटतायत."

सोबत एक निदानही आलं होतं. त्यांचे वडील उन्हाळ्यासाठी आले होते. सांगली जिल्ह्यात जन्मभर ऊस केलेला माणूस. त्यांनी वाफ्यावर एक नजर टाकली आणि निकाल दिला, "पोरी, हे गवताळ झालंय. उपट सगळं. एक बेट ठेवलंस तर रान जाईल."

"अण्णा, अहो हा ऊस नाही. आणि त्या केशरी रोपाला वीस डॉलर दिलेत मी."

"रोगाला डॉलर कळत नाहीत."

अण्णांचं म्हणणं गावंढळ म्हणून बाजूला सारावं असं अजिबात नव्हतं. उसाची गवताळ वाढ (बेटातून गवतासारखे बारीक फुटवे येतात तो रोग) आणि वांग्याचा बोकड्या (पानं बारीक होऊन त्यांचे झुबके होतात तो) या दोन्हींच्या मुळाशी फायटोप्लाझ्मा असतो. हा एक प्रकारचा जीवाणू, पण पेशीभित्ती नसलेला. झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांकरवी एका झाडातून दुसऱ्यात जातो. कोनफ्लॉवरला होणारा 'अ‍ॅस्टर यलोज' त्याच कुळातला. त्याला नाव ज्या अ‍ॅस्टरवरून पडलं तो चायना अ‍ॅस्टर, म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडच्या केंद्रानं 'फुले गणेश' नावानं ज्याच्या जाती काढल्या आणि दसरा-दिवाळीला ज्याचे ढीग बाजारात दिसतात तोच. १९२० च्या दशकात अमेरिकेत याच फुलावर काम करताना कुंकेल या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की रोग तुडतुडे पसरवतात. पुढं १९६७ पर्यंत सगळे त्याला विषाणूच समजत होते. त्या वर्षी जपानी संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खरा गुन्हेगार दिसला.

म्हणजे अण्णांनी रोगाचं कूळ बरोबर ओळखलं होतं. प्रश्न एवढाच होता, की तो वाफ्यातल्या सगळ्या बिघडलेल्या फुलांना लागू पडतो का.

त्या वर्षीची हवा

२०१२ चा मार्च शिकागोकरांच्या अजून लक्षात असेल. जिथं त्या महिन्यात बर्फ पडणं ही बातमी नसते तिथं आठवडाभर तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या वर होतं. झाडं तीन-चार आठवडे आधी जागी झाली. अ‍ॅस्टरचा तुडतुडा तीन-चार मिलिमीटरचा, हिरवट, डोक्यावर सहा काळे ठिपके. तो बहुतेक करून दक्षिणेकडच्या राज्यांत हिवाळा काढतो आणि वसंतातल्या दक्षिणी वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेला येतो. त्या वर्षी तो लवकर आला आणि झुंडीनं आला. इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या गाजर-लेट्यूसच्या शेतांपासून घरगुती बागांपर्यंत अ‍ॅस्टर यलोजचा उद्रेक झाला.

त्यात जून-जुलैत दुष्काळ. आजूबाजूची कुरणं, रस्त्याकडेचं तण वाळलं, आणि हिरवं उरलं ते पाणी दिलेल्या बागांत. तुडतुड्यांना दुसरीकडं जायला जागाच नव्हती. मालकीणबाई रोज संध्याकाळी पाइपनं पाणी घालत होत्या, पश्चिम टोकाला गाजर असल्यामुळं तिथं जास्त. गाजर, लॉनमधलं डँडेलियन आणि प्लँटेन हे तण, ही सगळी या रोगाला आसरा देणारी झाडं. रोग तीनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींना होतो, त्यामुळं आसऱ्याची यादी करण्यात अर्थ नाही. पण लागण पश्चिमेकडून का सुरू झाली असावी याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

वाफ्यात प्रत्यक्ष काय दिसलं

फोटोंवरून निर्णय देण्यासारखं हे प्रकरण नव्हतं, कारण प्रत्येक फोटो एकेका फुलाचा होता. माणूस विचित्र फुलाचाच फोटो काढतो, खालच्या झाडाचा काढत नाही. इथं निदान झाडात होतं.

पश्चिमेच्या चार 'मॅग्नस'ची अवस्था एकसारखी होती. झाड खुजं, पानं फिकट, नवे फुटवे बारीक आणि दाट. एकही फूल धड नाही. पाकळ्या आखूड आणि हिरव्या, मधल्या काटेरी शंकूतून पानांचे छोटे झुबके वर आलेले, काही ठिकाणी तर फुलातून देठासकट दुसरं फूल निघाल्यासारखं. ही पानं होण्याची क्रिया योगायोगानं होत नाही. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनस सेंटरच्या संशोधकांनी दाखवलं, की फायटोप्लाझ्मा एसएपी५४ नावाचं प्रथिन झाडात सोडतो, ते फूल घडवणारी प्रथिनं मोडून टाकतं, फुलाचं पान होतं, आणि असं पानाळलेलं झाड तुडतुड्यांना जास्त आवडतं. झाडाचं बी बुडतं, रोगाची पुढच्या प्रवासाची सोय होते.

पूर्वेकडं चित्र वेगळं. तिथले दोन 'मॅग्नस' आणि तीन 'व्हाइट स्वान' बाधित दिसत होते, पण झाडं चांगली गर्द हिरवी, पुरेशी उंच. एकाच ठोंबावर पाच फुलं निरोगी आणि दोन बिघडलेली. बिघडलेल्या फुलात शंकूच्या एखाद्या बाजूलाच गाठीसारखा, थोडा लालसर-हिरवा झुबका, आणि नेमक्या त्याच्या खालच्या पाकळ्या खुरटलेल्या. बाकीचं फूल ठीक.

ही लक्षणं कोनफ्लॉवर रोझेट माइटची. एरिओफाइड गटातला कोळी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. कोळी म्हटल्यावर आठ पाय डोळ्यांपुढं येतात, या गटाला चारच असतात. कोकणात नारळाच्या टोपीखाली बसून फळावर तपकिरी खरवड आणणारा कोळी याच गटातला, त्यामुळं नारळवाल्यांना हे नाव नवं नाही. इथला कोळी कळीच्या आत, फुलोऱ्याच्या बुडाशी राहून रस शोषतो. त्याचं नुकसान फुलापुरतं असतं, झाड मरत नाही, पानं फिकी पडत नाहीत.

दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, आणि सगळी मेख इथंच आहे. अ‍ॅस्टर यलोज झालेलं झाड बरं होत नाही. नुसती फुलं कापली तर रोग मुळांत आणि खोडाच्या गड्ड्यात राहतो, हिवाळा काढतो आणि पुढच्या वर्षी तुडतुड्यांना ताजा साठा मिळतो. ते झाड मुळासकट काढावं लागतं. कोळ्याच्या बाबतीत मात्र फुलं कापणं हाच उपाय. तिथं झाड उपटणं म्हणजे निरोगी ठोंब फुकट घालवणं. अण्णांच्या हिशेबानं बिघडलेली नऊही झाडं जाणार होती, लक्षणं नीट वाचली तर चार.

'हॉट पपाया'नं मात्र सगळ्यांना कोड्यात टाकलं. दुहेरी फुलात मधला शंकूच झुबकेदार पाकळ्यांचा गोंडा बनलेला असतो. कोवळा असताना तो हिरवट दिसतो, आणि त्या जातीची काही फुलं आधी एकेरी उमलून मग भरत जातात. म्हणजे निरोगी फुलाचं रूपच रोगी फुलासारखं. अशा जातीत फुलाकडं बघून निदान करू नये, पानांचा रंग आणि फुटव्यांची ठेवण बघावी. त्या उन्हाळ्यात तर उन्हानं सगळीच पानं जरा मळकट पडली होती.

म्हणून तीन नमुने राज्याच्या विद्यापीठाच्या प्लँट क्लिनिकला पाठवायचं ठरलं: पश्चिमेचा एक 'मॅग्नस', पूर्वेच्या 'व्हाइट स्वान'ची फुलं, आणि एक 'हॉट पपाया'. पाठवण्याची पद्धत इथं सांगून ठेवते, कारण अर्धे नमुने वाटेतच सडतात. झाड मुळासकट खणायचं, मुळांवरची माती वेगळ्या पिशवीत बांधायची म्हणजे ती पानांवर सांडत नाही, पाणी शिंपडायचं नाही, आणि पार्सल सोमवारी टाकायचं. शुक्रवारी टाकलं तर शनिवार-रविवार ते एखाद्या गरम ट्रकमध्ये पडून राहतं.

निकाल आला. पश्चिमेच्या झाडात फायटोप्लाझ्माचा डीएनए सापडला. पूर्वेच्या फुलांत तो नव्हता, पण सूक्ष्मदर्शकाखाली कोळी भरपूर होते. 'हॉट पपाया'त दोन्ही नव्हतं.

मधल्या काळात तिसऱ्या एका गोष्टीनं गोंधळ वाढवला होता. काही फुलं देठापासून मोडून एका धाग्यावर लोंबकळत होती, आणि तीही रोगाचीच मानली गेली. ते काम सोंडेच्या एका भुंगेऱ्याचं. सूर्यफूल गटातल्या फुलांखाली मादी देठाला गोल भोकं पाडते आणि लोंबत्या फुलात अंडी घालते. अशी फुलं गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकली की झालं, त्यावर याहून जास्त वेळ घालवू नये.

काढणं, न काढणं, आणि फवारणी

पश्चिमेचे चारही ठोंब निघाले. अण्णांना ते जाळायचे होते. शहराच्या हद्दीत पालापाचोळा जाळायला बंदी, तेव्हा तो विषय मिटला. तशी गरजही नव्हती. फायटोप्लाझ्मा जिवंत पेशींबाहेर टिकत नाही, झाड वाळलं की संपतो. असं झाड कंपोस्टमध्ये टाकलं तरी चालतं, माती बदलावी लागत नाही, त्याच खड्ड्यात दुसरं रोप लावता येतं. कात्रीनंही तो सहसा पसरत नाही. शेजाऱ्यांनी ब्लीचमध्ये बुडवलेल्या कात्र्यांचा आग्रह धरला होता, तो चुकीच्या आजारासाठी होता. हत्यारं पुसायची ती पूर्वेकडं, कोळी इकडचे तिकडं जाऊ नयेत म्हणून.

उसातली सवय एका बाबतीत मात्र अगदी उपयोगी पडली. गवताळ वाढ मुख्यतः बेण्यातून (लागणीसाठी वापरलेल्या उसाच्या कांड्यांतून) पसरते, म्हणूनच तिथं बेण्याला दमट उष्ण हवेची प्रक्रिया देतात. अण्णांचा पहिला प्रश्न होता, "याचं बेणं कुणाला दिलंस का?" मदतकक्षातल्या प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता. दिलं होतं. एप्रिलमध्ये पश्चिमेचा एक ठोंब फोडून महाराष्ट्र मंडळातल्या तीन मैत्रिणींकडं एकेक तुकडा गेला होता. प्रेमानं दिलेलं रोप परत उपटायला कसं सांगायचं यावर घरात बराच खल झाला. शेवटी फोन केले. एकीचं रोप उन्हाळ्यात पाण्यावाचून गेलं होतं. दुसरीचं निरोगी होतं. तिसरीकडं फुलं हिरवी आली होती आणि ती खूश होती. तिला वाटलं आपल्याला दुर्मीळ जात मिळाली, फुलदाणीतही ठेवली होती. तिचं फार चुकलं असं नाही, 'ग्रीन ज्वेल' नावाची खरोखर हिरव्या फुलांची जात बाजारात आहेच. पण तिच्या पाकळ्या लांब आणि सुबक असतात, शंकूतून पानं येत नाहीत. ते रोप निघालं, थोड्या नाराजीनं.

एप्रिलमध्ये फोडताना मूळ ठोंबात रोग होता, की प्रत्येक बागेत तुडतुड्यांनी तो स्वतंत्र नेला, हे ठरवता येत नाही. झाडात लक्षणं दिसायला दहा दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत लागतात, तेव्हा दोन्ही शक्य आहे. म्हणून माझं मत असं, की उद्रेकाच्या वर्षी ठोंब फोडून वाटू नयेत, बी वाटावं. हा रोग बियातून जात नाही.

फवारणीवर खरा वाद झाला. तुडतुडे म्हटलं की औषध मारायचं, हे अण्णांच्या दृष्टीनं उघड होतं. मुलीलाही दुकानात मिळणारं इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतावं असं वाटत होतं. मी विरोध केला आणि आजही करीन. बाहेरून वाऱ्यावर सतत नवे तुडतुडे येत असताना प्रत्येक जण औषधानं मरण्याआधी झाडाला टोचून जातो, आणि रोग द्यायला तेवढं पुरतं. एकदा बाधित झालेला तुडतुडा जन्मभर रोग पसरवतो. उलट ते औषध झाडभर पसरून परागात आणि मधात उतरतं, आणि कोनफ्लॉवरवर दिवसभर भुंग्या आणि मधमाश्यांची ये-जा असते. एका वाफ्यासाठी हा सौदा परवडत नाही. गाजरावर जाळी टाकली, लॉनमधलं डँडेलियन काढलं, एवढ्यावर थांबलो.

कोळ्यांसाठी बाधित फुलं दिसली की शंकूसकट कापून कचऱ्याच्या बंद पिशवीत. शरद ऋतूत पूर्वेकडचे सगळे दांडे जमिनीलगत कापून बाहेर काढले. याची एक किंमत आहे. कोनफ्लॉवरचं वाळलेलं बोंड गोल्डफिंच पक्ष्यांचं खाद्य असतं, आणि बागेत हिवाळ्यात बघण्यासारखं तेवढंच उरतं. म्हणून मधली निरोगी 'मॅग्नस' आणि मागची फिकी कोनफ्लॉवर तशीच उभी ठेवली. एखाद्या पुस्तकी सल्लागारानं सगळा वाफा कापायला सांगितलं असतं. मला ते पटलं नाही.

पुढची दोन वर्षं

त्याच सप्टेंबरमध्ये मधल्या तीनपैकी एका 'मॅग्नस'ला पश्चिमेच्या झाडांसारखीच लक्षणं आली होती, तोही गेला. २०१३ मध्ये आणखी एक. २०१३ चा वसंत थंड आणि उशिराचा होता, तुडतुडे कमी आले. २०१४ मध्ये वाफ्यात अ‍ॅस्टर यलोज दिसला नाही. याचं श्रेय उपटण्याला किती आणि हवेला किती, हे वाटून देता येणार नाही. कोळी मात्र गेले नाहीत. २०१३ मध्येही 'व्हाइट स्वान'वर तुरळक गाठी दिसल्या, कापल्या, झाडं फुलत राहिली. तो आजार बरा करायचा नसतो, आटोक्यात ठेवायचा असतो.

'हॉट पपाया' तिन्ही गेली, आणि कुठल्याही रोगानं नव्हे. १८ एप्रिल २०१३ ला शिकागो परिसरात प्रचंड पाऊस झाला, तळघरं भरली, रस्ते बंद पडले. या वाफ्यात चिकण मातीवर कितीतरी दिवस पाणी तुंबलं आणि केशरी रोपांचे गड्डे कुजले. शेजारच्या 'मॅग्नस'ना काही झालं नाही. केशरी-पिवळ्या संकरांत सहसा अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरभागातल्या खडकाळ, कोरड्या माळावरच्या पिवळ्या कोनफ्लॉवरचं (एकिनेशिया पॅरॅडॉक्सा) रक्त असतं. त्याच्याशी जांभळ्याचा संकर करून शिकागो बोटॅनिक गार्डननं २००४ मध्ये पहिला केशरी कोनफ्लॉवर बाजारात आणला, आणि नंतर रंगांची झुंबड उडाली. रंग पॅरॅडॉक्साचा घेतला की त्याचं सोटमूळ आणि ओल्या हिवाळ्याची नावडही थोडीफार येते. जांभळ्याची मुळं तंतुमय, तो चिकण माती पचवतो. अशी संकरित रोपं लावायचीच असतील तर उंच गादीवाफ्यावर, आणि पहिल्या वर्षी फुलं खुडून टाकावीत म्हणजे गड्डा भरतो. हे करायला मन होत नाही हे मलाही माहीत आहे, फुलासाठीच तर रोप घेतलेलं असतं.

मोकळ्या जागेत काय लावायचं हा शेवटचा प्रश्न होता. मालकीणबाईंच्या आईचा पुण्याहून आलेला सल्ला होता, की औषधी एकिनेशिया लाव, होमिओपॅथीच्या दुकानात बाटली मिळते तो. तो अँगस्टिफोलिया, पश्चिमेकडच्या कोरड्या मैदानांचा. त्यालाही खोल सोटमूळ आणि पाण्याचा निचरा लागतो, या चिकण मातीत तो टिकला नसता.

आम्ही साधा रानटी जांभळा कोनफ्लॉवर निवडला, बियापासून. जानेवारीत दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन आडवे चिरून, तळाला भोकं पाडून त्यात माती भरली, बी वरचेवर दाबलं आणि कॅन बर्फात उघड्यावर ठेवले. बियाला उजेड हवा असतो, खोल पुरलं तर उगवण घटते. हा जांभळा थंडीवाचूनही उगवतो, थंड ओल मिळाली तर जास्त एकसारखा. फिक्याला मात्र दोन-तीन महिने थंडी लागतेच. पहिल्या वर्षी नुसता पानांचा गुच्छ, दुसऱ्या वर्षी फूल. डेलावेअरच्या माउंट क्यूबा सेंटरनं पुढं २०१८ ते २०२० मध्ये पंचाहत्तर प्रकारचे कोनफ्लॉवर शेजारी शेजारी लावून पाहिले, तेव्हा परागवाहक कीटकांच्या भेटींत साधा जांभळा आघाडीवर होता आणि दुहेरी फुलं तळाशी. आमचा निर्णय त्याच्या आधीचा, आणि कारण त्याहून साधं होतं: बी स्वस्त, आणि पुन्हा उद्रेक झालाच तर सहा रोपं उपटताना हात आखडत नाही.

अण्णा २०१४ च्या उन्हाळ्यात पुन्हा आले. नव्या रोपांचं पहिलं फूल आलं होतं. त्यांनी वाफाभर फिरून प्रत्येक ठोंबाचा बुडखा पाहिला, फुलांकडं लक्ष दिलं नाही. 'व्हाइट स्वान'वरची एक गाठ बघून म्हणाले, "हे कापायचं ना? उपटायचं नाही." मग गाजराची जाळी एका कोपऱ्यात उचलली गेलीय, ती नीट करायला लावली.